साक्षीला पाण्याची टाकी

ज्याच्या घरी कॅमेरा असतो त्याला सोसायटीच्या कार्यक्रमात दूध शेवटी मिळतं आणि बोलणी आधी. झेंडावंदनाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते सकाळी असतं. गणपतीतही मांडवात हॅलोजन असतात, निभावून जातं. पण कोजागिरी हा सण फोटो काढणाऱ्याचा सूड उगवण्यासाठीच नेमला असावा. रात्री दहानंतर गच्चीवर जायचं, दुधात चंद्र दिसला पाहिजे म्हणून होती नव्हती ती ट्यूबलाइटही मालवायची, आणि मग त्या अंधारात सेक्रेटरींनी टाळी वाजवून म्हणायचं, "चला, सगळ्यांचा एक छानसा ग्रुप फोटो!"

"काका, उजेड नाहीये," मी म्हणतो.

"एवढं टिपूर चांदणं पडलंय! आणखी काय पाहिजे तुला?"

चांदणं टिपूर वाटतं ते डोळ्यांना. डोळा मोठा लबाड, हळूहळू अंधाराला सरावतो आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. कॅमेरा बिचारा सरळमार्गी. दुपारचं ऊन पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे ४ लाख पट प्रखर असतं आणि ती ४ लाखांची तूट मला एकट्याला भरून काढायची असते. माझ्या हातात चाव्या तीन: आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, एफ म्हणजे लेन्सचं तोंड (आकडा लहान तितकं तोंड मोठं), आणि शटर किती वेळ उघडं राहतं ते. भर उन्हात आयएसओ १००, एफ १६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यावर काम भागतं. तोच फोटो निव्वळ चांदण्यात काढायचा तर आयएसओ ३२०० वर चढवून, एफ १.८ ची लेन्स पूर्ण उघडूनही शटर दीड सेकंद उघडं राहतं. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सचं तोंड ५.६ च्या पलीकडे उघडत नसेल तर १५ सेकंद. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातले दिवे आणि डोंबिवलीचा एकंदर झगमगाट थोडी सूट देतात, नाही असं नाही. पण दुकानदार देतो तेवढीच.

आता हाताचं बोलू. जुना ठोकताळा असा की लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर शटर निदान सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं जलद हवं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, लहान, म्हणून दीडपट धरायचं, म्हणजे पंचाहत्तरावा भाग. त्याहून संथ गेलात की हृदयाचे ठोकेसुद्धा फोटोत उमटायला लागतात. कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर आहे, तो बराच भार उचलतो. उरलेल्यासाठी मी साधना केली आहे. पाय फाकवायचे, कोपरं बरगड्यांत रुतवायची, पाठ जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवायची, श्वास अर्धा सोडून तिथेच थांबवायचा आणि बटण न दाबता नुसतं बोटाखाली विरघळू द्यायचं. पाच-सहा फोटो सलग घ्यायचे, कारण बोटाचा धक्का पहिल्याला आणि शेवटच्याला बसतो, मधला एखादा वाचतो. हे सगळं जमवून मी डोळे बारीक करून श्वास रोखला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हमखास विचारतात, "अहो, याला बरं नाहीये का? कुणीतरी खुर्ची द्या."

ट्रायपॉड आहे माझ्याकडे. पण गच्चीवरच्या लपंडावात त्याच्या तीन पायांत सोसायटीची निम्मी पोरं अडकतात, आणि मग पालक कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघतात. म्हणून मी दोरीचा उपाय धरला. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी आटे असतात, त्यात पाव इंची बोल्ट बसतो. त्याला दोरी बांधायची, दुसरं टोक पायाखाली धरायचं आणि कॅमेरा वर खेचून दोरी ताणून ठेवायची. वर-खाली होणारी थरथर बरीच आटोक्यात येते. अट एकच, दोरी ओढली तरी न लांबणारी हवी. घरभर शोधून तशी एकच सापडली, परकराची नाडी. ती कुठून आली हे गच्चीवर सगळ्यांच्या देखत बायकोने ओळखलं.

एवढं करून आयएसओ ६४०० वर नेला, शटर सेकंदाच्या पाचव्या भागावर आणलं आणि फोटो काढले. फोकससाठी लेन्स अंधारात कुर्र कुर्र करत पुढे-मागे चाचपडत होती, तेव्हा कुणाच्या तरी तोंडावर मोबाइलचा टॉर्च मारून फोकस धरला, टॉर्च विझवला. टॉर्च पडलेले गृहस्थ पुढचे सगळे फोटो डोळे मिटून आहेत, पण तो विषय वेगळा.

रात्रीच ग्रुपवर फोटो टाकले. पाच मिनिटांत निकाल आला, "हात हलला वाटतं."

इथे मी गप्प बसणार नाही. फोटो पुसट आला तर गुन्हेगार कोण, हे फोटोच सांगतो. हात हलला असेल तर सगळंच हलतं. माणसं, कठडा, दूरचे दिवे, सगळ्यांना एकाच दिशेची शेपटी फुटते. माझ्या फोटोत मागची काळी पाण्याची टाकी बघा. तिच्यावरची १००० लिटर ही अक्षरं वाचता येतात. टाकीच्या झाकणाला बांधलेली तार मोजता येते. दुधाचं पातेलं लख्ख. त्या दोहोंच्या मध्ये जी धुक्याची रांग आहे, ते आपले सन्माननीय सभासद. स्टॅबिलायझर माझा हात धरू शकतो; गाण्याच्या भेंड्यांतला 'ण' कुणाला आला यावर भांडणाऱ्या पन्नास माणसांचे हात धरणारा स्टॅबिलायझर अजून निघायचाय. नुसती उभी राहून बोलणारी माणसं स्पष्ट यायला सेकंदाचा साठावा भाग लागतो, आणि पोरं असतील तर अडीचशेवा. मी पाचव्या भागावर होतो. तेवढ्या वेळात आमच्या काकू मान वळवून, शेजारणीची साडी बघून मान परत आणतात.

पूर्ण स्पष्ट आलेला माणूस एकच. तळमजल्यावरचे आजोबा. मसाला दुधात जायफळ जरा सढळ पडलं होतं, ते खुर्चीत गाढ झोपले होते. लक्ष्मी कोण जागं आहे ते विचारत फिरते म्हणतात त्या रात्रीच्या फोटोत, झोपलेल्याचीच तेवढी पापणी न पापणी दिसते.

यात नवं काही नाही म्हणा. १८३८ साली दागेर या फोटोग्राफीच्या फ्रेंच आद्यपुरुषानं पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा शटर काही मिनिटं उघडं होतं. गाड्या, घोडे, वर्दळ, सगळं पुसलं गेलं. टिकला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला एक इसम. पुढे स्टुडिओत लोकांच्या डोक्यामागे लोखंडी चिमटा लावून त्यांना स्थिर ठेवत. मी हे सेक्रेटरींना सांगितलं. चिमटे सोसायटीच्या खर्चात बसतील का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"फ्लॅश मारायचा मग!" ही सूचना दरवर्षी येते. फ्लॅशचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईवर येतो. त्यामुळे पहिली रांग पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी, शेवटची रांग अमावास्येत, आणि ज्याच्यासाठी वर आलो ते चांदणं साफ नाहीसं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने फोनचा नाइट मोड लावला. तो फोन एकामागून एक बरेच फोटो घेऊन जुळवतो, आणि काम चांगलं करतो हे मला मान्य करावं लागतं. पण त्यासाठी फोन तीन सेकंद सगळ्यांना "हलू नका" म्हणून सांगतो. फोनचं सगळ्यांनी ऐकलं. माझं कधी ऐकलं नव्हतं.

शिवाय चंद्राचा प्रश्न राहतोच. माणसांना पुरेल एवढा उजेड घेतला की चंद्र पांढरा ठिपका होतो. चंद्रावरचे डाग दाखवायचे तर आयएसओ १००, एफ ११, सेकंदाचा शंभरावा भाग हवा, कारण पौर्णिमेला तिथे भर दुपारच असते. मग गच्चीवरचे सभासद काळोखात जातात. दोन्ही एका फोटोत मिळत नाहीत, असं मी मीटिंगमध्ये स्वच्छ सांगितलं.

सेक्रेटरींनी ठराव लिहून घेतला. पुढच्या वर्षी फोटो संध्याकाळी, सूर्य मावळल्या मावळल्या काढायचा; दूध, भेंड्या, बाकीचं रात्री. चिडायची तयारी करत होतो, पण माणूस बरोबर बोलत होता. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो, आभाळात अजून निळसर उजेड असतो, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत माणसं आणि चंद्र दोन्ही सांभाळता येतात. इतकी वर्षं मी नाड्या ताणत होतो आणि हे यांना कुठून सुचलं, असं मी विचारलं.

"छे रे," ते म्हणाले, "रात्री सगळ्यांच्या साड्यांचे रंग दिसत नाहीत अशी लेडीजची तक्रार आहे. आणि चंद्र नाहीच आला तर काय, तू नंतर लावशील की कॉम्प्युटरवर."

"चंद्र लावतोयस तेव्हा," तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मलाही जरा बारीक कर."