इम्युनिटी म्हणजे ताकद? मग आधी सांगा, कशापासून?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. 'इम्युनिटी म्हणजे ताकद. शब्द मुळात डॉक्टरांचा, वकिलांनी तो उसना घेतला. मराठीत त्याला रोगप्रतिकारशक्तीशिवाय शब्द नाही. आणि ती जितकी वाढवाल तितकी चांगली.' नागपुरात कोर्टाच्या कागदांचं मराठी करण्यात माझी वीस वर्षं गेली. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

उसनवारी झाली ती उलट दिशेनं. लॅटिनमध्ये 'म्युनस' म्हणजे राज्यासाठी करावं लागणारं काम, भरावा लागणारा कर. ज्याला ते माफ, तो 'इम्युनिस'. रोमनांपासून हा शब्द कराचा आणि कायद्याचा. रोगांच्या बाबतीत तो रुळला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पाश्चर यांच्या लसींच्या काळात.

'मराठीत शब्द नाही' हे वाचून मात्र जिवाला लागलं. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची जुनी राजधानी नंदिवर्धन. या राजांनी गाव दान दिलं की त्याला काय काय माफ, याची यादीच ताम्रपटात कोरलेली असे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात गाव 'अकरदायी' आहे, कर न देणारं. राजाच्या शिपायांनी तिथं शिरायचं नाही. गावानं फुलं द्यायची नाहीत, दूध द्यायचं नाही. अशा सवलतींना 'परिहार' म्हणत. हे पाचव्या शतकातलं आहे, आणि वाकाटकांचे हे लेख नागपूरच्याच इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी संपादून ठेवलेत. ताम्रपटांची भाषा संस्कृत, हे खरं; पण करमाफीची इनाम जमीन म्हटलं की आपल्या आजोबांना वेगळं समजावून सांगावं लागत नसे.

आज माझ्या टेबलावर एका इंग्रजी शब्दासाठी चार-पाच मराठी शब्द लागतात. राज्यपालांवर पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालत नाही (कलम ३६१), तिथं मी 'संरक्षण' लिहितो. हिवाळी अधिवेशनात आमदार सभागृहात जे बोलतो त्यावर कोर्टात खेचता येत नाही (कलम १९४), तो 'विशेषाधिकार'. थकलेल्या मालमत्ता कराच्या दंडात सूट मिळते, ती 'अभय योजना'. 'माफी' मी जपून वापरतो. माफीचा साक्षीदार म्हटला की त्याचा गुन्ह्यात हात होता हे गृहीतच असतं. राज्यपालांच्या संरक्षणात तसलं काही गृहीत नसतं. आणि कुठलंही संरक्षण सरसकट नसतं. लाच घेऊन सभागृहात मत दिलं तर विशेषाधिकाराची ढाल मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये सांगितलं.

शरीराचंही तसंच. लहानपणी गोवर निघून गेला की सहसा पुन्हा निघत नाही. पण त्या गोवरानं कांजिण्या थांबत नाहीत. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते, कारण त्या आजारातून संरक्षण मिळतच नाही. मग तो आखाड्यातला पैलवान का असेना. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. त्याचं एकच जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, दोन्ही जनुकं आली तर मात्र सिकलसेलचा आजारच होतो. याला ताकद कसं म्हणायचं?

राहिलं 'जितकी वाढवाल तितकी चांगली'. माझा खरा राग या वाक्यावर आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना आमवात आहे. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, आणि डॉक्टर तिला आवर घालणारी गोळी देतात, आठवड्यातून एकदा, रविवारी. 'ही गोळी इम्युनिटी कमी करते' असं कोणीतरी सांगितलं, वर हा मेसेज आला. काकूंनी गोळी सोडली आणि काढा सुरू केला. मी भेटायला गेलो तेव्हा कपाचा कान त्यांच्या बोटांत धरवत नव्हता; दोन्ही तळव्यांत कप धरून त्या चहा पीत होत्या. उशाशी डबी होती, तिच्यात चार रविवारच्या गोळ्या तशाच.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळी परत सुरू झाली आहे. उजव्या हाताची सूज अजून उतरलेली नाही.