सराफ्याचे ओटे
नोकरीत राहूनही उद्योजकासारखा विचार करता येतो हे लेखातलं म्हणणं पटलं. आमच्या इंदूरला सराफ्यात बघा ना, दिवसभर सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री शटर पडलं की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, जलेबी, थंडीत गराडू (तळलेला कंद), म्हणजे जागा एकच पण धंदे दोन, वर गर्दीमुळे दुकानांची राखण फुकटात (आजोबा असंच सांगायचे). मी अकाउंट्सला आहे, धंदा बिंदा काही नाही, पण उधारी लटकायची म्हणून स्वतःच एक शीट बनवली, कोणाचं किती दिवस थकलंय ते रोज सकाळी दिसतं, साहेबांनी सांगितलं नव्हतं हां. पहिल्या महिन्यात मात्र शीट बघून, आधीच बिल भरलेल्या दोन पार्ट्यांनाच वसुलीचे फोन गेले, शिव्या खाल्ल्या! बाकी लेखातलं ते "बिनधास्त रिस्क घ्या" जरा जास्तच झालं, माझा घराचा हप्ता चालू आहे, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढतो मग बघू.