ड्रेमेलचा स्पिंडल करा म्हणे!

हा फॉरवर्ड फिरत फिरत भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने लगेच क्लॅम्प थ्रीडी प्रिंटला लावला, म्हणून लिहावं लागतंय. दावा असा: ड्रेमेल (हातात धरायचं छोटं रोटरी टूल) 35,000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे देतो, तेव्हा स्पिंडलवर, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरवर, पैसे घालवू नका. 6 मिमी एंड मिलची (बाजूने कापणाऱ्या कटरची) दांडी ग्राइंडरवर घासून बारीक करा, ड्रेमेलच्या चकमध्ये आवळा, पीएलएच्या (थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकच्या) क्लॅम्पने 3018 सीएनसीवर, म्हणजे टेबलावरच्या छोट्या कोरीव मशीनवर, बसवा. अ‍ॅल्युमिनियम आरामात कापतं, दिवसभर चालतं.

आधी ती दांडी. हा सल्ला देणाऱ्याने मशीन चालू असताना समोर उभं राहून दाखवावं. हाताने घासलेली दांडी केंद्रात राहत नाही. ती 0.1 मिमी सरकली की डायल गेज 0.2 मिमी रनआऊट, म्हणजे फिरतानाचा डगमग, दाखवणार. आता हिशोब करा: 20,000 आरपीएम, दोन फ्लूट (कापणारे दात), 400 मिमी प्रति मिनिट फीड, म्हणजे दर दाताला 0.01 मिमी चिप. एवढ्या रनआऊटमध्ये एकच दात कापतो, दुसरा नुसता फिरतो. वर तो चक ॲक्सेसरी पटकन बदलायच्या सोयीसाठी असतो. बाजूचा मार बसत राहिला की जबडे सैल होऊ शकतात आणि कटर खाली सरकत जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसतो. ड्रेमेलच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की दांडी पूर्ण आत बसली नाही किंवा जास्त बाहेर राहिली, तर ॲक्सेसरी सुटून वेगाने उडू शकते. कटर कार्बाइडचा (अतिशय कठीण मिश्रणाचा) असेल तर साध्या ग्राइंडरच्या चाकाला तो दाद देत नाही. जी धूळ निघते तिच्यात कोबाल्ट असतो, ती छातीत जाते ते वेगळंच.

आरपीएम म्हणजे ताकद नव्हे. ड्रेमेल 4000 घेतो 175 वॅट. ती सगळी शाफ्टवर पोचली असं धरलं तरी 35,000 ला टॉर्क (फिरवण्याचा जोर) 0.05 न्यूटन-मीटरही भरत नाही. लोड जास्त आला की वेग पडतो.

पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. ड्रेमेलचं नाक तापलं की क्लॅम्प ढिला.

‘दिवसभर’? मोटरचे कार्बन ब्रश 40–50 तासांनी तपासायला कंपनीच सांगते. शिवाय हवेच्या जाळीतून अ‍ॅल्युमिनियमचा चुरा आत गेला तर ब्रश जिथे घासतात त्या कम्युटेटरवर ठिणग्या.

एक मात्र कबूल. पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) ट्रॅक कोरायला, मेणाला, मऊ लाकडावर नक्षीला ड्रेमेल चालतो, पण चक काढून 3.2 मिमी कॉलेट, म्हणजे दांडी चहूबाजूंनी आवळणारी चिरलेली नळी, लावायचा. 30 अंशांचा, 0.1 मिमी टोकाचा व्ही-बिट (निमुळता कटर) 0.1 मिमी खोल गेला तर रेघ साधारण 0.15 मिमी पडायला हवी, 0.2 च्या वर गेली तर रनआऊट बघा. एफआर4 ची, म्हणजे पीसीबीच्या बोर्डाची, धूळ काचेची असते, मास्क घाला.

अ‍ॅल्युमिनियमच हवं असेल तर 3018 सोबत आलेला ईआर11 (कॉलेटचा एक आकार) स्पिंडल परत लावा आणि एका पासला 0.1 मिमीपेक्षा खोल जाऊ नका. त्या मशीनची फ्रेमच त्याहून जास्त झेपवत नाही, वर काहीही बसवा.