इन्सुलिन देणारी बाई पाहिजे

आज सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'आईंसाठी 12 तासांची बाई पाहिजे. इन्सुलिन आणि पोटात जाणाऱ्या नळीतून औषधं देता आली पाहिजेत. नर्स नको, परवडत नाही.' खाली लगेच अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोंचे नंबर आणि हात जोडलेले इमोजी. मी हॉस्पिटलात नर्स आहे. नाइट करून आले होते, झोपायचं सोडून हे लिहायला बसलेय.

परवडत नाही, कबूल. मग काम नर्सचं कशाला मागता?

माझ्या काकूकडे ब्युरोची बाई होती. चाळिशीची, स्वभावाने सोनं. काकूची वेणी घालायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशी बदलायची, तिचं तेच तेच बोलणं हसून ऐकायची. ब्युरोवाल्याने पांढरा एप्रन घालून पाठवली होती आणि 'मॅडम, आमच्या सगळ्या ट्रेन्ड आहेत' असं छातीठोक सांगितलं होतं. ती रोज 40 च्या बाटलीतलं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट असलेलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने द्यायची. मग डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं आणि नवी बाटली आली 100 ची, म्हणजे एका मिलीत 100 युनिट. तिला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. हे त्या बाईला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तिने नेहमीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं आणि रात्री दिलं. रेघ 20 ची, आत गेलं 50 युनिट.

पहाटे काकू घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. शुगर 38, धोक्याची कमी. गिळता येत होतं म्हणून साखरपाण्यावर निभावलं, पुढे हॉस्पिटलात सलाईन लावावं लागलं.

आमच्या वॉर्डात इन्सुलिन भरलं की दुसऱ्या सिस्टरला दाखवतात. पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ, हे पाचही बरोबर आहेत का ते पहिल्या वर्षापासून घोटून घेतलेलं असतं, तरी दाखवतात. आणि इथे पाचव्या मजल्यावर एकटी बाई, रात्री 10 वाजता, डोक्यावरच्या पिवळ्या बल्बखाली ती बारीक रेघ वाचणार.

हो, घरोघरी माणसं स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचून घेतात, मला माहीत आहे. पण त्यांना कुणीतरी बसवून शिकवलेलं असतं आणि घाम फुटला की आपलं काय होतंय ते त्यांना कळतं. अमेरिकेत काही राज्यांत सहायकांनाही गोळ्या देऊ देतात, हेही ऐकवू नका. तिथे त्यासाठी वेगळं ट्रेनिंग आणि परीक्षा असते. आपल्याकडे एप्रन असतो.

आणि फक्त इन्सुलिनच का. रक्तदाबाची एसआर गोळी खलबत्त्यात कुटून नळीतून दिलेली मी स्वतः पाहिली आहे. दिवसभर सावकाश उतरायचं औषध एका दमात पोटात. छोट्या नर्सिंग होममध्ये मावशी सलाईनमध्ये इंजेक्शन सोडते, तेव्हा नोंदणी असलेली सिस्टर कुठे असते? बऱ्याचदा फक्त रजिस्टरमध्ये. 1947 च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याच्या जागी 2023 मध्ये नवा मंजूर झालाय म्हणतात. येऊ दे बापडा. पाचवा मजला चढून कोण येणार आहे?

राग मला त्या बाईचा नाही, खरंच नाही. काकूला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना ती जिन्यात बसून रडत होती, 'ताई, मी तर 20 च दिलं हो.' दुसऱ्या दिवशी ब्युरोने तिला काढलं आणि महिन्याचे उरलेले पैसेही दाबले. कमिशन मात्र आधीच कापलेलं. नवी बाई पाठवली, तोच एप्रन, तेच 'ट्रेन्ड आहे'. काकू अजून जुनीचीच वाट बघते, वेणी तिच्यासारखी कुणाला जमत नाही म्हणते.

बाई ठेवा, जरूर ठेवा. तिला सुट्टी द्या, पगार वेळेवर द्या. गोळ्या घरातल्या माणसाने वारांच्या डबीत भरून ठेवा, तिने फक्त वेळेला हातात द्याव्यात. सुई आणि नळी मात्र घरच्याने शिकून घ्या, नाहीतर त्या वेळेपुरती नोंदणी असलेली सिस्टर बोलवा. कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, खऱ्या सिस्टरला राग येत नाही.

'तुमच्या पोटावर पाय येतो म्हणून बोलता' असं ज्यांना लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा. आज परत नाइट आहे, उत्तर उद्या देते.