सरावात गेलेल्या जवानांचं नाव कुठे कोरायचं?

ऑक्टोबर 2024 मध्ये देवळालीला सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले. त्यानंतर वाद पेटला तो भरपाई आणि पेन्शनचा. तो रास्तच होता, पण त्यात स्मारकाचा प्रश्न मागे पडला.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत. निकष ‘बॅटल कॅज्युअल्टी’चा, म्हणजे युद्धात किंवा लष्करी कारवाईत झालेल्या मृत्यूचा. सियाचीनमध्ये हिमस्खलनात गेलेला जवान त्यात बसतो, कारण तो कारवाईचा भाग. फायरिंग रेंजवर सरावात गेलेला मात्र ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, म्हणजे कारवाईबाहेरचा मृत्यू.

इथे ब्रिटनमध्ये स्टॅफर्डशायरला 2007 साली उभारलेल्या सैन्यदल स्मारकाने हा भेद ठेवला नाही. 1 जानेवारी 1948 नंतर युद्धात, दहशतवादी हल्ल्यात किंवा सरावात, ड्युटीवर असताना जो गेला, त्याचं नाव पोर्टलंड दगडावर येतं. नावं वर्षानुसार लागतात, मृत्यूचं कारण लिहीत नाहीत. सोळा हजारांवर नावं झाली आहेत आणि पुढच्यांसाठी भिंती कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या कोऱ्या दगडापुढे उभं राहिलं की पोटात कालवतं.

तरी दिल्लीने याची नक्कल करू नये. ते युद्ध स्मारक आहे, त्याचा निकष त्याच्या जागी बरोबर आहे. सरावात किंवा ड्युटीवर असताना कारवाईबाहेर गेलेल्यांसाठी दुसरी भिंत हवी, पण त्याच आवारात. एखाद्या छावणीच्या कोपऱ्यात नको.

त्यासाठी नवी समिती नेमायची गरज नाही. पेन्शनसाठी मृत्यूची ‘ए’ ते ‘ई’ वर्गवारी आधीच होते. ‘ए’ म्हणजे सेवेशी संबंध नसलेला मृत्यू. ‘बी’ आणि ‘सी’मध्ये सेवेमुळे झालेला आजार आणि ड्युटीवरचा अपघात येतात, त्यांना विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पगाराच्या 60 टक्के. ‘डी’, ‘ई’ म्हणजे दहशतवादी हल्ल्यातले आणि युद्धातले मृत्यू, त्यांना पूर्ण पगाराइतकं. अग्निवीरांना पेन्शन नाही, पण त्यांच्या भरपाईसाठी एक्स, वाय, झेड असे गट आहेत; सेवेमुळे किंवा सरावात झालेला मृत्यू ‘वाय’मध्ये येतो. ‘बी’, ‘सी’ किंवा ‘वाय’चा मंजुरी आदेश निघाला की नाव थेट भिंतीच्या यादीत जावं.

घोडं अडतं ते कोर्ट ऑफ इन्क्वायरीत. चौकशी लांबली की आदेश लांबतो. म्हणून प्रत्येक वर्षाच्या शेवटी दगडावर जागा सोडावी, नाहीतर उशिरा आलेलं नाव भलत्याच वर्षाखाली जाईल. कोरण्याआधी नाव, वडिलांचं नाव, आडनाव घरच्यांकडून लेखी तपासून घ्यावं. ग्रॅनाइटवरची चूक खोडता येत नाही, पाटीच बदलावी लागते.

सुरुवात अलीकडच्या नोंदींपासून करावी. ऑगस्ट 2013 मध्ये मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवरच्या स्फोटात गेलेल्या 18 नौसैनिकांची कागदपत्रं नौदलाकडे आहेत. तिथून मागे 1947 पर्यंत जाता येईल.