वांगावरची गोळी म्हणे औषधच नाही!

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘वांगावर रामबाण! ट्रानेक्सामिक ॲसिड हे अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रोटीनच. औषध नाही. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, सहा महिन्यांत वांग मुळापासून जातो. सिरमवर पैसे घालवू नका. साइड इफेक्ट शून्य. बायका पाळीत घेतातच की!’ वांग म्हणजे चेहऱ्यावर उठणारे काळसर डाग. औषध वांगावर चालतं, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक बघू.

‘अमिनो आम्ल म्हणजे प्रोटीनच.’ रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते अमिनो आम्ल आहे, मान्य. पण डाळीतलं लायसिन हे अमिनो आम्ल शरीर स्वतःची प्रथिनं बांधायला वापरतं, ट्रानेक्सामिक नाही वापरत. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने 1962 साली ते रक्तस्राव थांबवण्यासाठी शोधलं. ते लायसिनसारखं दिसतं, म्हणून रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनवर (यापासून गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिन बनतं) लायसिनची जागा अडवून बसतं आणि झालेली गुठळी विरघळू देत नाही. शिरेतून दिलं तर त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. याला पोषण कसं म्हणायचं? उलट मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते अंगात साचतं, म्हणून अशा रुग्णांना डोस कमी करावा लागतो.

वांगावर त्याचा उपयोग होतो तोही याच गुणामुळे. उन्हाने त्वचेत प्लाझ्मिन वाढतं आणि रंगपेशींना चिथावणाऱ्या द्रव्यांना वाट मिळते. हे औषध ती वाट अडवतं.

‘बायका पाळीत घेतातच की.’ घेतात, पण किती दिवस? अंगावरून जास्त जातं तेव्हा ही गोळी पाळीच्या दिवसांपुरती, साधारण चार-पाच दिवस देतात. वांगासाठी डॉक्टर सहसा 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. डोस कमी, पण आठ-बारा आठवडे रोज. हिशेबच वेगळा.

आणि मेसेजने जे गाळलंय तेच सगळ्यात महत्त्वाचं. वांग उठण्याची नेहमीची कारणं म्हणजे ऊन, गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्या. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच थोडा वाढतो. अमेरिकेत ट्रानेक्सामिकच्या माहितीपत्रकात या दोन्ही गोळ्या एकत्र घेऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जिला गर्भनिरोधक गोळीने वांग आला, तिच्याच हातात हा मेसेज दुसरी गोळी ठेवतोय, आणि पहिलीबद्दल विचारतसुद्धा नाही! मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

‘साइड इफेक्ट शून्य.’ सिंगापूरमध्ये 561 रुग्णांच्या नोंदी तपासून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 90 टक्के लोकांचा वांग कमी झाला, हे कबूल करायलाच हवं. बहुतेकांना काही त्रासही झाला नाही. ज्यांना झाला त्यांचा बहुतांशी पोट फुगण्यासारखा, तात्पुरता. पण एका बाईच्या पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली. नंतर कळलं की तिच्यात प्रोटीन एसची, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊ न देणाऱ्या प्रथिनाची, आनुवंशिक कमतरता होती. घरात कुणाला अशी गुठळी, लकवा, वरचेवर गर्भपात झालाय का, हे डॉक्टर विचारतात ते याचसाठी. फॉरवर्ड विचारत नाही.

‘सहा महिन्यांत मुळापासून.’ त्याच अभ्यासात चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांचा वांग परत आला. सनस्क्रीन नसेल तर गोळी घेऊन उपयोग नाही. वांगाला नुसते उन्हातले अतिनील किरण नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही भोवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन बरं पडतं.

‘सिरमवर पैसे घालवू नका.’ इथे मात्र मी सिरमच्या बाजूने. इराणमध्ये 2014 साली बायकांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला 3 टक्के ट्रानेक्सामिक आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोक्विनोन (डाग उजळवणारं नेहमीचं औषध) अधिक स्टेरॉइड असं बारा आठवडे लावून पाहिलं. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच उजळल्या, आणि त्रास ट्रानेक्सामिकच्या बाजूला कमी झाला. लावलेलं रक्तात फारच थोडं उतरतं; झाली तर थोडी लाली, कोरडेपणा, चुरचुर. त्यामुळे ‘सिरमने गुठळ्या होतात’ हा उलटा मेसेजही तितकाच पोकळ. फक्त दोन-तीन महिने धीर धरायचा.

शेवटचं, ‘जपानात तर ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते’ या मेसेजवाल्यांच्या उत्तराबद्दल. मिळते, 2007 पासून, वांगासाठीच. पण सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका, अशी तिथल्या गोळीबरोबरच सूचना असते. मग आपल्या मेसेजमधले सहा महिने आले कुठून?