आराम हेच औषध? आमच्या पेठेत फिरणारा फॉरवर्ड

पेठेच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. सार असं: मल्टिपल स्क्लेरोसिसला (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं, मज्जातंतूंवरचं, आवरण झिजण्याचा आजार) व्यायाम विष, आराम हेच औषध, तीन-चार आठवडे भरती करून रिहॅब (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेली थेरपी) करणं हा पैसे काढायचा धंदा, कारण एमआरआयवरचे डाग जात नाहीत आणि सहा महिन्यांत परत ये रे माझ्या मागल्या. खाली अंगठ्यांची रांग. आमच्या अक्काला एमएस आहे, म्हणून लिहितोय.

विषाची गोष्ट जुनी आहे. श्रम केल्यावर या रुग्णांची नजर काही वेळ अंधूक होते, हे उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी 1890 मध्ये नोंदवलं. दोष श्रमांचा नाही, अंग तापण्याचा, हे नंतर कळलं. आवरण गेलेल्या नसेतून जाणारा संदेश उष्णतेनं अडखळतो. अंग निवलं की पूर्ववत. नस काही जळत नाही. तरी कित्येक वर्षं डॉक्टरच 'दमू नका' सांगत राहिले. 1996 मध्ये 15 आठवड्यांच्या व्यायामाची चाचणी छापून आली. दमसास वाढला, ताकद वाढली, रोग बळावला नाही. अक्का मे महिन्यात पहाटेच व्यायाम उरकते, मानेवर ओला पंचा टाकून.

डाग जात नाहीत, कबूल. पण डाग घालवायला कोण भरती झालंय? 1997 मध्ये लंडनच्या 66 रुग्णांवरच्या चाचणीत नेमकं हेच दिसलं: मूळ दोष तसाच, पण भरती झालेल्यांना रोजची कामं जास्त जमू लागली. आमची अक्काही इथं रिहॅबला भरती झाली होती; तिला तिथं पहिले चार दिवस कुणी चालवलंच नाही. कॉटवरून उठायचं कसं, स्टुलावर बसून तांब्या कुठल्या हातानं घ्यायचा, लघवीच्या वेळा वहीत लिहायच्या. बसून कांदा चिरायला सांगितलं तेव्हा ती भडकलीच, "मी काय म्हातारी झाले?" आता सगळा स्वयंपाक बसून करते आणि दुपारी गळून पडत नाही.

फायदा ओसरतो, हेही खरं. लंडनच्या रुग्णांचाही पुढं ओसरत गेला. पण तालीम सोडलेल्या पैलवानाचा दम गेला, तर कोल्हापुरात कुणी तालमीला नावं ठेवतं का?

धंद्याबद्दल मात्र भांडणार नाही. नुसता शेक देऊन मशीन लावणारे आहेतच, एका ठिकाणी आम्हीही फसलो. शिवाय स्वतःच्या पायानं ये-जा करणाऱ्याला बहुतेकदा भरतीची गरजच नसते. पैसे भरण्याआधी एवढं विचारा: दिवसाला थेरपी किती तास, लघवीच्या त्रासाकडे कोण बघणार, आणि घरी सोडताना लेखी काय देणार?